बुडालो तरी नाक वर

शनिवारी सकाळी पुण्याच्या चांदणी चौकात कॅम्पिंगला निघालेली कुटुंबं लांबूनच ओळखू येतात. गाडी फोर बाय फोर. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर रिकामा जेरीकॅन. मागे दोन मुलं, एक आजी, शंकरपाळ्यांचा डबा. आणि पुढच्या काचेच्या कडेने थेट टपापर्यंत चढलेली काळी नळी. स्नॉर्कल.

बाकी सगळं एक वेळ पोटात घालता येईल. नळी सोडवत नाही.

नळी कशासाठी, हे कुटुंबप्रमुख कोणी न विचारताच सांगतात. इंजिनाला हवा लागते. हवा ओढायचं तोंड बॉनेटखाली असतं. तिथवर पाणी पोचलं की ते सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. तेव्हा हवेचं तोंडच टपावर नेलं की मिटलं. इथवर शास्त्र बिनचूक आहे.

पुढचा प्रश्न आजी पौड यायच्या आत विचारतात. नळीचं तोंड एवढं वर, म्हणजे टपाला टेकेल एवढ्या पाण्यातही इंजिन श्वास घेणार. छान झालं. "पण आमच्या नाकांचं काय रे?"

चिरंजीव गाण्याचा आवाज वाढवतात.

आजींचा हिशेब चोख आहे. अशा गाड्यांची पाण्यात उतरण्याची क्षमता कंपनी स्वतःच छापते आणि ती नळीशिवाय साधारण 650 मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त भरते. आणि पाणी वाहतं असेल तर तेवढंच दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्हींना उचलून नेतं. बंद दारांची गाडी आधी तरंगते, मग वाहते. ताकद चारही चाकांना पोचते, चाकं जमिनीला पोचत नाहीत. म्हणजे नळीची खरी गरज पडेल तोवर गाडी पुढच्या गावाच्या हद्दीत गेलेली असणार, तीही इंजिन व्यवस्थित चालू ठेवून. ऑस्ट्रेलियातल्या मातीच्या रस्त्यांवर ही नळी पाण्याइतकीच धुळीसाठी लावतात, पुढच्या गाडीच्या धुरळ्यावरची स्वच्छ हवा मिळावी म्हणून. आपल्याकडे धुळीला तोटा नाही, पण धुळीच्या भीतीने नळी लावली असं सांगण्यात शौर्य नाही. त्यात बाजारात नुसती दिखाऊ नळीही मिळते. पत्र्याला भोक नाही, आत एअर फिल्टरशी काही जोडलेलं नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने कडेला डकवायची. तिच्यातून पाण्याचा थेंब आत जात नाही, कारण तिच्यातून काहीच आत जात नाही. इंजिन आपलं खालून जुन्याच तोंडाने श्वास घेतं आणि वरचं नाक मिरवायला मोकळं राहतं. गणपतीत सोंडेला जेवढं जपत नसतील, तेवढं दर रविवारी या सोंडेला पॉलिश होतं.

कॅम्पिंग पवना धरणाच्या काठी असतं. तिकोन्याच्या पायथ्यापासून तंबूच्या फाटकापर्यंत बऱ्यापैकी डांबर आहे. तंबू आधीच ठोकलेला, आत गादी, चार्जिंगची सोय, रात्री बार्बेक्यू आणि कानठळ्या बसवणारा स्पीकर. फाटकापासून पुढे थोडा चिखल लागतो. तिथे साहेब गाडी थांबवतात, मुलाच्या हातात मोबाइल देतात, गिअरशेजारचा दांडा 'फोर लो'वर टाकतात आणि चिखल जिंकतात. तेवढ्यात मागून मोटारसायकलला दोन किटल्या अडकवलेला दूधवाला "जरा बाजू द्या की साहेब" म्हणत निघून जातो.

इथपर्यंत हसून घ्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हीच मंडळी 'खरं ऑफरोडिंग' करायला निघतात, आणि हसू येईनासं होतं.

खरं ऑफरोडिंग म्हणजे ओढ्यात गाडी घालणं आणि पठारावर चाकं फिरवणं. ज्या ओढ्यात चाकांचं ग्रीस धुतलं जातं, तो त्याच धरणाला मिळतो. धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात, म्हणजे बरेचदा हीच मंडळी. पठाराला हे लोक मोकळं माळरान समजतात. सह्याद्रीतल्या अशा सड्यांवर कातळावर जेमतेम बोटभर माती असते. पावसाळ्यात त्या मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू उगवतात. मातीत नत्र नाही म्हणून किडे पकडून जगणारी ही झाडं. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते अशाच बोटभर मातीच्या जोरावर. तिच्यावर दोन टनांची गाडी गोल फिरवली की चाकोरी पडते, चाकोरीतून पाणी धावतं, पाण्याबरोबर माती जाते आणि उघडा कातळ उरतो. यांच्या सोसायटीच्या लॉनवर कोणी बैलगाडी घातली, तर पाच मिनिटांत वॉचमन, चेअरमन आणि पोलीस तिन्ही हजर होतील. पठाराला वॉचमन नाही. इतकीच त्याची चूक.

आणि सह्याद्रीतलं पाणी? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुराने महामार्गावरचा दगडी पूल नेला, त्याच्याबरोबर दोन प्रवासी बसगाड्या नेल्या. त्या पाण्यापुढे काळी प्लास्टिकची नळी उभी करून मागच्या सीटवर मुलं बसवायची, याला साहस म्हणत नाहीत.

तेव्हा नळीवाल्यांनो, पठाराच्या कडेला गाडी लावा आणि पायी जा. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांबा. पाऊस थांबला की डोंगरातला ओढा बहुधा काही तासांत ओसरतो. तोवर शंकरपाळे आहेतच.