छाती ७९, फुगवून ८४

महाराष्ट्र शासनाच्या वनविभागातील ‘वनरक्षक’ या कर्मचाऱ्याची व्याख्या कोणत्याही कायद्यापेक्षा भरतीच्या जाहिरातीत अधिक काटेकोरपणे केलेली आढळते. २०२३ साली २,१३८ पदांसाठी निघालेल्या जाहिरातीनुसार पुरुष उमेदवाराची उंची किमान १६३ सेंटिमीटर असावी, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी आणि फुगवल्यावर तीत पाच सेंटिमीटरची भर पडावी, अशी अपेक्षा होती. जे समाज पिढ्यानपिढ्या जंगलात राहिले, त्यांनी १६३ सेंटिमीटरची अट पूर्ण न करता ते जंगल इतकी शतके कसे राखले, हा यातून उद्भवणारा अडचणीचा प्रश्न शासनाने अनुसूचित जमातीच्या पुरुषांना उंचीत साडेदहा सेंटिमीटरची सवलत देऊन निकालात काढला आहे. छाती फुगवण्याच्या क्षमतेचा पुढे सेवेत नेमका कोठे उपयोग करावयाचा, याबद्दल मात्र नियम मौन बाळगतात. कारण प्रजासत्ताकदिनाचे संचलन वगळता तसा प्रसंग वनरक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो, आणि वरिष्ठांच्या दौऱ्यात तर ती फुगलेली दिसू नये, याचीच खबरदारी घ्यावी लागते.

शैक्षणिक अर्हतेचा विचारही असाच सूक्ष्म आहे. उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा आणि विज्ञान, गणित, भूगोल व अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय त्याने घेतलेला असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पहिल्या तीन विषयांचा जंगलाशी संबंध लावता येतो. चौथ्याचा चटकन लागत नाही, परंतु सागाच्या चोरीमागील मागणी व पुरवठा समजणारा निदान एक तरी माणूस घटनास्थळी असावा, असा दूरदर्शी विचार त्यामागे असू शकतो. तत्त्वज्ञान मात्र या यादीत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. कारण व्याघ्रप्रकल्पातील ‘संरक्षण कुटी’त, म्हणजे गस्तीवरील कर्मचाऱ्यांसाठी जंगलाच्या आतच बांधलेल्या खोलीत, पावसाळ्याच्या रात्री काढणाऱ्या माणसाला अन्य कोणत्याही विषयापेक्षा त्याचीच गरज अधिक भासते. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्ये नेमलेले अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने शल्यवैद्य होते आणि पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पतिबाग सांभाळत होते. त्यांची छाती कोणी मोजली होती काय, याचा शोध संशोधकांनी अवश्य घ्यावा.

लेखी परीक्षा १२० गुणांची असते आणि ते गुण मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान व बौद्धिक चाचणी यांत समसमान वाटलेले असतात. वने, वन्यजीव आणि जैवविविधता यांची सोय सामान्य ज्ञानाच्या तीस गुणांत, जिल्ह्याचा भूगोल व इतिहास यांच्या शेजारी दाटीवाटीने केलेली असते. इंग्रजीला मात्र तीस गुणांचे स्वतंत्र दालन मिळते. त्यामुळे इंग्रजी समानार्थी शब्दांत पारंगत असलेला परंतु धावडा आणि ऐन यांतला फरक न कळणारा उमेदवार गुणवत्ता यादीत सहज वर जातो. लेखी परीक्षेनंतर धावण्याची चाचणी येते: पुरुषांनी पाच किलोमीटर ३० मिनिटांच्या आत, स्त्रियांनी तीन किलोमीटर २५ मिनिटांच्या आत. त्यापुढे चालण्याची चाचणी असून तीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर अंतर तोडावे लागते. सबंध निवडप्रक्रियेत कामाशी थेट नाते सांगणारी हीच एक चाचणी असावी, आणि म्हणूनच बहुधा तिला गुण नसतात. ती केवळ पार करावयाची असते.

निवड झालेल्या उमेदवाराला ‘नियतक्षेत्र’ मिळते. नियतक्षेत्र म्हणजे एका वनरक्षकाच्या स्वाधीन केलेला जंगलाचा तुकडा. गावोगावी त्याला ‘बीट’ असेच म्हणतात आणि त्याचा विस्तार कोठे काहीशे, तर कोठे हजाराहून अधिक हेक्टर असतो. अशी काही नियतक्षेत्रे मिळून परिमंडळ होते व त्यावर वनपाल असतो. परिमंडळांचे परिक्षेत्र होते व त्यावर वनक्षेत्रपाल असतो. त्यापुढे सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, वनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक, अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक अशी चढण चढत ही व्यवस्था नागपुरातील प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख) या शिखरावर पोचते. पदनाम जितके लांबते तितके जंगल दूर जाते, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नसला तरी त्याला फारसे अपवाद आढळत नाहीत.

या शिडीच्या तळाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे शासन जी कामे सोपवते, त्यांचे स्वरूप पाहता त्याच्या कामाचे तास ठरवलेले नाहीत ही गोष्ट त्याच्या हिताचीच म्हणावी लागेल, कारण ठरवले असते तर ते रोज मोडावे लागले असते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ ‘अग्निहंगाम’ मानला जातो. त्याआधी वनरक्षकाने जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत व पालापाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा, तयार करून घ्यावयाचा असतो. एवढे करूनही आग लागतेच. मग ८०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून फिरणारा उपग्रह ती आग टिपतो, ती माहिती डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे जाते, आणि तेथून निघालेला इशारा खाली झिरपत अखेर संबंधित नियतक्षेत्राच्या वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीकडे धाव घेतो. तो भ्रमणध्वनी त्या वेळी दरीत, रेंजच्या बाहेर असतो आणि त्याचा मालक हिरव्या फांद्यांनी तीच आग झोडपत असतो. संध्याकाळी टेकडीवर चढल्यावर त्याला आग लागल्याचे कळते, आणि ती खरोखर लागली होती काय, हे कळवण्याची सूचनाही मिळते.

पावसाळा आला की वृक्षलागवड येते. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी अशी राज्याच्या संकल्पाची चढती कमान होती. खड्डे खणून घेण्याची, रोपांसोबतची छायाचित्रे पाठवण्याची आणि नंतर त्यांतील किती जगली याचे उत्तर देण्याची वेळ शेवटी ज्याच्यावर आली, त्याच्या संख्येत मात्र अशी कमान कधी दिसली नाही.

खरी परीक्षा पंचनाम्याची. रानडुकरांनी मका उद्ध्वस्त केला किंवा बिबट्याने गोठ्यातली कालवड ओढून नेली की भरपाईचे कागद तयार करण्यासाठी वनरक्षक हजर होतो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या क्षणी तोच शासन असतो, तोच बिबट्याही असतो. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याने माणूस मारल्यावर जमणाऱ्या संतप्त जमावापुढे जो खाकी गणवेश प्रथम उभा राहतो, त्याच्या हाती बहुधा काठीच असते. कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रामस्थांनी वाघासाठी लावलेल्या पिंजऱ्यात वनकर्मचाऱ्यांनाच कोंडले. हे पिंजरे १६३ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा विचार करून बनवलेले नसतात, ही बाब सेवाप्रवेश नियमांच्या पुढील दुरुस्तीत विचारात घेता येईल.

दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत पायी फिरून पाऊलखुणा व विष्ठा नोंदवण्याचे काम याच कर्मचाऱ्याकडे असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात असे सर्वेक्षण करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. पायी सर्वेक्षण काही काळ थांबले, मग पुन्हा सुरू झाले. गणना पूर्ण झाली, वाघ वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याबद्दल देशाचे योग्य ते अभिनंदनही झाले. दरवर्षी ११ सप्टेंबरला राष्ट्रीय वनशहीद दिन पाळला जातो. त्या दिवशीच्या खुर्च्या कोण मांडतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या सर्वांसाठी वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये अशी आहे, आणि तिच्यासाठी लाखो अर्ज येतात, ज्यांत अभियंते व पदव्युत्तर पदवीधरही असतात. त्यांचा जंगलाशी काही वैरभाव नसतो. जाहिरात निघाली तेव्हा ती वनविभागाची होती, इतकेच. नियुक्ती मिळाल्यावर यांतील अनेकजण सहा महिन्यांचे प्रशिक्षण उरकून नियतक्षेत्रात दाखल होतात आणि संरक्षण कुटीतल्या सौरदिव्याखाली तलाठी, पोलीस उपनिरीक्षक किंवा राज्यसेवेचा अभ्यास सुरू करतात. त्यांना तेथे यश मिळावे, अशी मनोभावे प्रार्थना करणारा एक वर्ग राज्यभर पसरलेला आहे. तो वनरक्षक भरतीच्या प्रतीक्षा यादीत असतो आणि त्याचीही छाती फुगवून ८४ भरते.