मरून म्हणजे नेमका कुठला?

आमच्या वडिलांची जावा 1967 सालची. म्हैसूरच्या यादवगिरीतल्या कारखान्यातून निघालेली. गेली बावीस वर्षं ती कोल्हापूरच्या घराच्या बोळात, पाण्याच्या टाकीशेजारी, ताडपत्रीखाली पडून होती. ताडपत्री ओढली तेव्हा तिचा रंग सोनेरी होता. हा सोनेरी माझ्या चुलतभावाचा. तेव्हा तो कॉलेजात होता आणि कुणीतरी त्याला पाहावं अशी त्याची इच्छा होती. आता त्याला दोन मुलं आहेत आणि विषय निघाला की तो उठून पाणी प्यायला जातो.

इंजिनाचं काम आठ दिवसांत झालं. किक आणि गिअरचा दांडा एकच, किल्ली खिळ्यासारखी, पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं, दोन सायलेन्सरमधून धूर सोडायचा. या गाडीला लपवाछपवी ठाऊक नाही. रंगाला मात्र अकरा महिने लागले.

उद्यमनगरातल्या पेंटर मिस्त्रींनी सुरुवातीलाच विचारलं, "कलर कुठला मारायचा?"

"मूळचा."

"म्हंजे?"

"मरून."

"मरून कुठला?" असं म्हणून त्यांनी शेड कार्ड उघडलं. त्यात नऊ मरून होते. सकाळी मला त्यांतले दोन अगदी बरोबर वाटले. चहा घेऊन पुन्हा पाहिलं, तर दुसरेच दोन बरोबर वाटायला लागले.

मग पुरावे गोळा करायला घेतले. पहिला पुरावा आरसी बुक. त्यात गाडीच्या रंगाचा रकाना असतो हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला! पण बुकाची घडी पन्नास वर्षं नेमकी त्याच रकान्यावरून पडत आली होती. घडीतून वाचलेलं इंग्रजी अक्षर एकच : आर. रेडमध्ये आर आहे, मरूनमध्ये आहे, ब्राऊनमध्ये आहे, ग्रीन आणि ग्रेमध्येही आहे. आर नसलेला रंग निवडण्याचं सौजन्य आमच्या घरात कुणी दाखवलं नव्हतं.

दुसरा पुरावा फोटो. घरासमोर गाडी, गाडीवर वडील, शेजारी आत्या. फोटो कृष्णधवल. आत्याची साडी हिरवीगार होती, हे ती आजही छातीठोक सांगते. फोटोत साडी आणि गाडी दोन्ही एकाच राखाडी रंगाच्या. काळ्यापांढऱ्या फिल्मला उजेड किती एवढंच कळतं. गडद लाल आणि गडद हिरवा तिच्या लेखी सख्खे भाऊ.

"दादाला तरी कुठं कळायचं?" आत्या सहज म्हणाली. "लाल-हिरव्यातला फरक त्याला दिसायचाच नाही. टोमॅटो पिकलाय का ते दाबून बघायचा."

हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी समजलं. म्हणजे वडिलांनी ती गाडी बावीस वर्षं चालवली, दर रविवारी पुसली, आणि तिचा रंग त्यांनी पाहिलाच नव्हता. ते तिला 'काळी' का म्हणायचे याचा उलगडा झाला. आम्ही ते लाडाचं नाव समजत होतो.

आता उरली गाडी स्वतः. मिस्त्री म्हणाले, टाकीच्या खालच्या अंगाला वॉटर पेपरनं गोल घासा. पाणी मारत, हळूहळू. एकेक थर उघडा पडतो आणि त्याचं वलय दिसायला लागतं. मी घासायला बसलो. सोनेरीखाली काळा निघाला. काळ्याखाली हिरवा. हा हिरवा ओळखीचा वाटला, आणि मान वर केली तर समोरच होता : आमच्या खिडक्यांचा उरलेला ऑइल पेंट काकांनी वाया जाऊ दिला नव्हता. त्याखालून एकदम विटकरी, मातकट, अस्सल जुना वाटणारा रंग वर आला. माझे डोळे भरून आले. मी फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले, पुण्याच्या मामेभावाशी "बघ, मरून नव्हतीच मुळी" असा वादही घातला.

संध्याकाळी मिस्त्री आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पाहिलं.

"सायेब, त्यो प्रायमर हाय. रेड ऑक्साईड. लोखंडी गेटाला लावत्यात."

खरा मरून हिरव्या आणि विटकरीच्या मधे होता, नखाएवढ्या जाडीच्या वलयात. उत्साहाच्या भरात मी तो पार करून गेलो होतो. मूळ रंग शोधणाऱ्याच्या हातात पॉलिश पेपर देणं म्हणजे साक्षीदाराला वेळूच्या काठीनं बोलतं करणं.

तरी टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू शिल्लक होती. तिथं ऊन पोचत नाही. रॉकेलच्या फडक्यानं चिकटा काढल्यावर सुरेख मरून निघाला. टाकीच्या खालच्या अंगाला राहिलेला मरून त्याच्याशी ताडून पाहिला, तर दोघांचं जमेना. उन्हानं लाल रंग विटतो. ऑइल आणि मळ वर्षानुवर्षं मुरला की काळवंडतो. एक कारखान्यात होता त्यापेक्षा फिका, दुसरा गडद. खरा रंग दोघांच्या मधे कुठंतरी, आणि मधे कुठं ते सांगणारं कुणी नाही.

जर्मनांनी हा घोळ फार आधी मिटवलाय. 1927 साली त्यांनी चाळीस रंगांना आकडे दिले. त्याला राल म्हणतात आणि आज त्यात दोनशेच्या वर रंग आहेत. 3003 म्हणजे माणकाचा लाल, 3004 जांभळट, 3005 वाइनचा. शिस्त उत्तम, पण सगळी भिस्त माणकावर आणि वाइनवर. आमच्याकडं डाळिंबी आहे, अंजिरी आहे, कोनफळी, किरमिजी, गुलबक्षी, वांगी. तुम्ही कुठल्याही पैठणीच्या दुकानात जाऊन 3004 मागून बघा.

मिस्त्रींनी ऑइलचे डबे कापून सतरा पत्रे केले, प्रत्येकावर वेगळं मिश्रण मारलं आणि अंगणात तारेवर लटकवले. तेव्हा कळलं, की ओला रंग वेगळा आणि वाळलेला वेगळा. लाल रंग खालचं पुरतं झाकत नाही, म्हणून करड्या प्रायमरवर मारलेला हात एक दिसतो आणि विटकरीवर मारलेला दुसरा. मी ज्याला कवटाळून रडलो होतो तो गेटाचा प्रायमर अगदीच उपरा नव्हता तर. दुकानातल्या यंत्रानं टाकीचा कण मोजून ग्रॅममध्ये कृती छापून दिली होती. मिस्त्रींनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि काळ्याचे दोन थेंब जास्त टाकले.

आत्या काठी टेकत तारेखालून चालत गेली. सातव्या पत्र्यापाशी थांबली.

"आमसुली. ताजं आमसूल नव्हे, बरणीतलं. दोन वर्षांचं."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांचेही दोन थेंब सातव्यातच होते.

गाडी रंगून आली. आत्यानं उन्हात पाहिली आणि म्हणाली, "हीच." दिवेलागणीला ट्यूबलाइटखाली पाहिली आणि म्हणाली, "ही नव्हे." दोघांची घटकद्रव्यं वेगळी असली, की उन्हात जुळलेले रंग दिव्याखाली फारकत घेतात. आत्याला हे शास्त्र माहीत नाही; ती साडी दुकानाच्या दाराशी आणून उन्हात बघते, एवढंच.

सध्या मी गाडी दिवसाच बाहेर काढतो. तुमच्या घरी त्या वर्षांतली जावा पडून असेल, तर एक विनंती : टूलबॉक्सचं झाकण पुसू नका, घासू नका, आतला रंग कुठला हे मला फोनवर सांगूही नका. फक्त कळवा. आत्याला घेऊन मी येतो, उजेड असेपर्यंत.