मुदतवाढीबद्दल आभार

प्रति,
माननीय गृहकर्जदाते साहेब,
(नाव मुद्दाम घातलेलं नाही. पाटी बदलली तरी पत्र चालेल.)

स. न. वि. वि.

माझ्या कर्जाची मुदत आपण मला न विचारता वाढवलीत, त्याबद्दल आभार. मी एवढी वर्षं जगेन असा भरवसा अकोल्यातल्या एकाही डॉक्टरनं दिला नव्हता.

20 लाख, 7 टक्के, 20 वर्षं. हप्ता 15,506 रुपये. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर 4 वरून साडेसहावर गेला, आपण माझा दर साडेनऊवर नेलात आणि हप्त्याला हातही लावला नाहीत. केवढं मन! मात्र 20 लाखांवर साडेनऊनं महिन्याचं नुसतं व्याजच 15,833 रुपये होतं. हप्ता मी भरायचा आणि मुद्दलानं जागचं हलायचं नाही.

हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत अशी ताणू नका की हप्त्यातून व्याजही भागणार नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात बजावलंय. ते मुंबईहून घोटीमार्गे येताना विठा घाटात अडकलं असावं.

सावकारांच्या बाबतीत आमचा अकोले तालुका जरा बदनामच. देवगावच्या राघोजी भांगरेंच्या बंडात सावकारांची नाकं कापली गेली; 1848 मध्ये राघोजींना ठाण्यात फाशी झाली. 1875 मध्ये पुणे-नगरकडचे कुणबी सावकारांच्या दारात जमले ते नाकांसाठी नव्हे, कर्जरोख्यांसाठी. रोखे जाळले गेले, आणि 1879 च्या कायद्यानं कोर्टाला रोख्यामागचा हिशेब मुळापासून उकरायचा अधिकार मिळाला. मलाही तेवढंच हवंय. आपलं नाक सुरक्षित आहे.

तेव्हा पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा द्यावा, दर कधी आणि किती बदलला त्यासह. विम्याचा एकरकमी हप्ता 'सक्तीचाच असतो' म्हणून कर्जात मिसळलात, तो कोणत्या नियमानं, हेही लेखी कळवावं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर, आपण बँक असाल तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, तिथं फी नाही. गृहवित्त कंपनी असाल तर राष्ट्रीय आवास बँक. (कर्ज देताना 'बँकच समजा' म्हणाला होतात, म्हणून दोन्ही पत्ते काढून ठेवलेत.) भरपाईसाठी ग्राहक आयोग आहेच. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, म्हणजे आपण नगरला यायचं.

हप्ते मात्र मी चुकवणार नाही. कर्ज थकलं की सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस येते, पुढे घराचा ताबा घेऊ लागलात की 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण गाठावं लागतं. आपली एवढी सोय मी करणार नाही.

उतारा मराठीत असावा. या पत्राची पोच शिक्क्यासह आजच मिळावी. शिक्का सापडत नसेल तर मी बाकावर बसतो.

आपला,
एक नियमित कर्जदार, अकोले