अर्जदार आणि अधिकारी

लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसवणारा माणूस तंत्रज्ञ होतो, असा एक गैरसमज आहे. तो कारकून होतो.

कर्नल अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं, पडदा काळा. पंखा मात्र नेहमीपेक्षा जोरात. जाणकार अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून नुसत्या अक्षरांच्या दुनियेत शिरतात. तेही जमलं नाही, तर ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीला ‘नोमोडसेट’ जोडायचं. मग डेस्कटॉप दिसतो, पण खिडकी ओढली की ती विचार करून येते.

आता कागदपत्रं. आधीच्या खुल्या ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकायचं. नव्याचं मॉड्यूल दर कर्नलला पुन्हा बांधायचं. ते डीकेएमएस करतं. म्हणजे अर्ज तोच, तारीख नवी. आणि कमांड चिकटवण्याआधी वाचायची, कारण २०११ मध्ये बम्बलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि लोकांची अख्खी ‘यूएसआर’ डिरेक्टरी पुसली गेली. स्वल्पविरामावरून भांडणारे लोक उगाच बदनाम आहेत.

एवढं करून सिक्युअर बूट म्हणतं, मॉड्यूलवर सही नाही.

“कुणाची सही हवी?” आईने विचारलं. ती तहसील कचेरीतून निवृत्त झाली आहे. हा विषय तिचा.

“माझीच. किल्ली मी बनवायची, तिने सही मी करायची, ती किल्ली ओळखीची आहे हेही मीच सांगायचं. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, दहा सेकंदांत एखादं बटण दाबायचं.”

“घे, चहा घे,” आई म्हणाली, आणि दहा सेकंद संपले.

वाट बघता बघता तिला सांगितलं, की खुद्द लिनस टोरवाल्ड्सनी २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका कार्ड कंपनीला भर सभेत मधलं बोट दाखवलं होतं. कंपनीने कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला २०२२ मध्ये.

“दहा वर्षांत निकाल?” आई प्रभावित झाली. “वरून कुणाचा तरी फोन गेला असणार.”

दुसऱ्या खेपेला निळा पडदा आला, तेव्हा कप लांब ठेवला होता. पासवर्ड दिला. किल्ली नोंदवली गेली, डेस्कटॉप झळकला, खिडक्या सरसर धावू लागल्या.

आई बराच वेळ बघत राहिली.

“अर्जदार तू, अधिकारी तू, साक्षीदार तू,” ती म्हणाली. “मग फाईल अडवली कुणी?”