किल्ली उशाशी, गाडी परदेशी

खिशात हात घालायचा, किल्ली काढायची, भोकात घालून फिरवायची. या अपार कष्टांतून आपली सुटका करायला मोटार कंपन्यांनी ‘कीलेस’ आणलं. किल्ली खिशातच, हँडलला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की गाडी सुरू.

आत काय चालतं? गाडी साधारण 125 किलोहर्ट्झवर हाक मारते, “आहेस का गं जवळ?” ही हाक जेमतेम दीड-दोन मीटर पोचते. किल्ली दुसऱ्या लहरींवर सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर आलं, म्हणजे किल्ली जवळच, ही गाडीची भाबडी समजूत. संकेत दर वेळी बदलतो, फोडणं महाकठीण. चोर कशाला फोडतोय? एक जण घराच्या दाराशी सिग्नल पुढे पोचवणारी पेटी धरून उभा, दुसरा तशीच पेटी घेऊन गाडीपाशी. गाडीची हाक या पेट्यांमधून घरातल्या किल्लीला ऐकू जाते, तिचं उत्तर गाडीला. मालक वर घोरतोय आणि खाली त्याचीच किल्ली चोराला दार उघडून देतेय.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी हे 2011 मध्येच दाखवून दिलं होतं. आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली, दहाच्या दहा फसली. चोरांनी तो धडा मन लावून गिरवला. कंपन्यांनी कीलेस आणखी स्वस्त गाड्यांत घातलं. योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या इमोबिलायझरच्या चिपमधली वेगळीच खोट संशोधकांना सापडली, तेव्हा तर फोक्सवागननं 2013 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून त्यावरचा शोधनिबंध छापायलाच मनाई मिळवली. तो बाहेर यायला 2015 उजाडलं. कुलूप बदलायला खर्च येतो हो, वकील त्यामानानं स्वस्त पडतो.

पुढे लंडनमध्ये चोऱ्यांमुळे रेंज रोव्हरचं नाव काढलं की विमा कंपन्या तोंड फिरवू लागल्या. शेवटी 2023 मध्ये ती बनवणाऱ्या जग्वार लँड रोव्हरनं (मालक आपले टाटा) जुन्या गाड्यांच्या सुरक्षेसाठी एक कोटी पौंड काढले, विमाही स्वतःच विकायला घेतला.

खरं औषध आहे. अल्ट्रा-वाइडबँड नावाच्या रेडिओतंत्रात गाडी किल्लीचं उत्तर यायला लागलेला वेळ मोजते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते, तेव्हा लांबची किल्ली जवळची असल्याचं सोंग आणू शकत नाही. म्हणजे अंतर गृहीत धरायचं नाही, मोजायचं. एवढं सुचायला इतकी वर्षं!

जुन्या गाडीवाल्यांनी काय करायचं? ब्रिटिश पोलीस सांगतात, किल्ली सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवा आणि स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावा. पाकीट नसेल तर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, झाकण घट्ट लावून गाडीजवळ न्या आणि हँडल ओढून बघा. उघडलं, तर डबा बदला. आणि कपाटातली दुसरी किल्ली? तिलाही डब्यात घाला. तीही तितकीच बोलकी आहे.