आधी थांबती का बघू

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, प्रीमियर पद्मिनी कोल्हापुरात परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये इतकी वर्षं उभी होती की टपावर पापडांचे डबे आणि बॉनेटवर चिंचेची पोती हा तिचा कायमचा साज झाला होता. यंदा मामांनी जाहीर केलं, "गाडी चालू करायची." लगेच गल्लीतले समस्त निवृत्त गृहस्थ हजर. प्रत्येकानं आयुष्यात कधीतरी फियाट चालवली होती, निदान ढकलली तरी होती.

मामांचा बेत सोपा होता: नवी बॅटरी लावायची आणि सेल्फ मारायचा. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रींनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. "चालू व्हायचं र्‍हाऊ द्या. आदी थांबती का बघू."

ब्रेक लागत नव्हते असं नाही, सुटत नव्हते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्यानं व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन जागच्या जागी बसतात. चारही ड्रम ठोकून ठोकून काढावे लागले. टायरांवर नक्षी शाबूत होती, त्यामुळे ते बदलायला मामांचा विरोध. मग मिस्त्रींनी टायरवर बोट ठेवलं. 2000 पासून टायरवर आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे छापतात; आमच्या टायरवर तीनच निघाले. मामा गप्प.

एअर फिल्टर उघडला तर आत उंदराचं घरटं, तेही सीटच्या काथ्याचं आणि आमच्याच लग्नपत्रिकेचं. 'आहेर आणू नये' एवढीच ओळ त्यानं खायची ठेवली होती. वायरी मात्र मनापासून खाल्ल्या होत्या. सगळ्या बदलल्याशिवाय बॅटरी जोडायला मिस्त्री तयार होईनात.

टाकीतून निघालेलं पेट्रोल थेट काकवी! टाकी धुतली, कार्बोरेटर खोलला, रबरी पाइप झाडून नवे घातले. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, आणि तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की पुढचं सांगायला नको. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि ते रात्रभर मुरू दिलं. सकाळी पुलीच्या नटाला पाना लावून मिस्त्रींनी इंजिन हातानं फिरवलं. 1089 सीसीचं ते धूड कुरकुरत फिरलं.

"आता कार्बोरेटरच्या तोंडात जरा पेट्रोल सोडा की!" शेजारचे काका वाकून म्हणाले.

"सोडतो. पर मिशी तेवढी घरात ठेवून या," मिस्त्री म्हणाले. काका आग विझवायच्या सिलिंडरमागे जाऊन उभे राहिले.

प्लग परत बसले, चोक ओढला, सेल्फ मारला. खोकून खोकून इंजिन लागलं. निळ्या धुरात सल्लागार मंडळ दिसेनासं झालं आणि सल्लेही थांबले. धूर ओसरला तेव्हा मिस्त्री ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करत होते.

मग मामा गाडी गल्लीच्या टोकापर्यंत बैलगाडीच्या चालीनं घेऊन गेले आणि कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत थांबली. मला पुढचा डॅशबोर्ड कपाळाला लागला, पण आनंदात कुणाचं लक्ष नव्हतं.

"पावणं, बसा नीट," मामा म्हणाले, "जोतिबाला जाऊन येऊ."

मिस्त्रींनी खिडकीतून हात घालून किल्ली पुन्हा काढली. "जोतिबाला घाट हाय. आदी आरटीओ. पंधरा वर्सांचं रजिस्ट्रेशन कवाच संपलंय."

चार ड्रम, काकवी आणि उंदीर हसत पचवलेल्या मामांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच भीती दिसली.