बाकी झ्याक हाय, पण पाणी?

पुस्तकांवर मतं देणारी माणसं तुम्हाला काही नवी नाहीत. एक शेवटचं पान आधी उघडून 'मला खुनी माहीतच होता' म्हणतो. एक 'मूळ इंग्रजीतून वाचा हो' म्हणून आपल्या हातातल्या अनुवादाकडे दयेनं बघतो. एकाला नेमाड्यांच्या पुढे मराठीत कुणी दिसत नाही, आणि नेमाडेही त्यानं 'कोसला'च्या पन्नासाव्या पानापर्यंतच पाहिलेले असतात. अशांना तोंड देता येतं. विषय बदलावा, चहा पाजावा, नाहीतर सरळ भांडावं. माझी अडचण वेगळी. माझ्या वाट्याला आलेला वाचक माझा व्याही आहे, त्यातही मुलाकडचा. मुलीच्या बापाला साहित्यिक मतभेद परवडत नाहीत.

व्याही लातूरचे, मी नांदेडचा. म्हणजे भांडणाला पुस्तकांची गरज नव्हतीच. विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं यावरून ही दोन गावं किती वर्षं एकमेकांकडे तिरकी बघतायत! मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत बरोबरी आहे: त्यांचे निलंगेकर आणि विलासराव, आमचे शंकरराव आणि अशोकराव. पण गोदावरी आमच्याकडे आहे. हे आम्ही बोलून दाखवत नाही, आणि ते विसरत नाहीत.

ते तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. शेवटची वर्षं त्यांच्याकडे टंचाईचा टेबल होता. कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा, कुणाची विहीर अधिग्रहित केली, कुठला उद्भव कोरडा पडला, दरडोई वीस लिटरच्या हिशेबानं किती कमी पडलं, हे सगळं त्यांच्या रजिस्टरात. निवृत्तीनंतर माणसं हरिपाठ धरतात किंवा सोसायटीचं सचिवपद. यांनी कादंबरी धरली, पण टेबल काही सुटला नाही. कुठल्याही लेखकाची, कुठल्याही प्रकारची कादंबरी त्यांच्या हाती द्या. आठवड्याभरात लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं ते माझ्या दारात हजर. पिशवीतून पुस्तक काढायचं, टीपॉयवर ठेवायचं आणि म्हणायचं, "बाकी झ्याक हाय इवाई, पण पाणी?"

पहिल्यांदा मी आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आलो.

"मला न्हवं. हेच्यात," ते पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले. "तीनशे पानं झाली. नायक दोन टाइम आंघोळ करूलालाय, घरी धा माणसांची पंगत उठूलालीय. पाणी येतंय कुठून?"

'मृत्युंजय'चा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला. कर्ण रोज दुपारपर्यंत गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभा. "एवढं पाणी दाराशी असल्यावर कुणीबी दानशूर होईल. आमच्या औशाला येऊन दानं दे म्हणावं." 'ययाती' मात्र पसंत पडली, कारण शर्मिष्ठेनं देवयानीला ढकललं ती विहीर. पुराणात ती विहीर कोरडी होती असं मी सांगितलं तेव्हा तर त्यांचे डोळे चमकले. "मग खरी गोष्ट हाय ही. असुरांच्या राज्यात बी टंचाई होती तर!"

अगाथा ख्रिस्तीची ती प्रसिद्ध कादंबरी, दहा माणसं बेटावर अडकतात आणि एकेक मरत जातो, मी मुद्दाम दिली. म्हटलं, रहस्यात तरी गुंततील. गुंतले. "खुनी कोण, ते शेवटी सांगितलंय. टाकी कितीची, ते न्हाई. आणि एक माणूस मेला की मागं राहिलेल्यांचा दरडोई वाटा वाढतो, ह्यो मुद्दा एकाच्याबी डोक्यात येत न्हाई? खुनाचं कारण तिथंच बसलंय की."

धारपांच्या वळणाची एक भयकथा वाचून तर ते हसतच आले. पडका वाडा, मध्यरात्र, आणि ओस न्हाणीघरात नळातून आपोआप थेंब पडायला लागतात. नायिका किंचाळते. "किंचाळतीय कामून? नळ सुटलाय! बादली लाव म्हणावं!" नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो. जगाचं काय होणार याची चिंता बाकीच्या वाचकांनी केली. व्याह्यांनी मलपृष्ठावर पेन्सिलीनं हिशेब मांडला: तेवढा बर्फ वितळवून मांजरात सोडला तर धनेगावचं धरण कितीदा भरेल.

ऐतिहासिक कादंबऱ्यांशी त्यांचं बरं जमतं. तिथं त्यांना एक आधार सापडला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्याआधी पाण्याची सोय बघा, असं स्पष्ट सांगितलंय. "गडाला नियम हाय, कादंबरीला न्हाई? रायगडावर गंगासागर खोदला म्हणून राज्याभिषेक झाला. न्हाईतर एवढी पाहुणे मंडळी प्यायली काय असती?" 'श्रीमान योगी'च्या सुरुवातीला आमच्या कुरुंदकर गुरुजींचं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून छापलंय. ते व्याह्यांनी दोनदा वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "टिप्पणी अशी पाहिजे. मूळ फाईलीच्या आधी." पुढं त्यांनी माझ्या कपाटातून कुरुंदकरांचं 'धार आणि काठ' उचललं, अर्थातच नाव बघून. ते मराठी कादंबरीवरचं समीक्षेचं पुस्तक आहे हे कळायला त्यांना चाकूर लागलं. पण एसटीत दुसरं काही नव्हतं म्हणून वाचून काढलं.

गुण द्यायची त्यांची पद्धतही खात्यातलीच. तारे नाहीत, दहापैकी आकडे नाहीत. पैसेवारी. पन्नास पानं झाली की नजरअंदाज पैसेवारी, अर्ध्यावर सुधारित, संपल्यावर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली की कादंबरी दुष्काळग्रस्त. फडक्यांची नायिका न्हाऊन ओले केस पाठीवर सोडून गच्चीत येते, तिथंच त्यांनी पुस्तक मिटलं. "वार लिहिला न्हाई. आमच्याकडं आठ दिवसाला पाणी. ही रोज न्हाऊलालीय. एकवीस पैसे."

एका रविवारी मी त्यांना इथल्या एका साहित्यिक कार्यक्रमाला नेलं. पाहुणा माणूस घरी ठेवून जाणं बरं दिसत नाही, एवढंच कारण. पुण्याकडचे एक कादंबरीकार आले होते. त्यांचं नाव घेत नाही. बिचाऱ्यांचं आधीच पुरेसं झालंय. भाषण छान झालं. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"नमस्कार. आपला नायक चौथ्या मजल्यावर राहतो. दुपारी तीनला शॉवर घेतो. तिथं पाणी किती वाजता सुटतं?"

सभागृह हसलं. लेखकही हसले. मग म्हणाले, "त्या प्रसंगात पाणी हे एक प्रतीक आहे."

"ते असू द्या. प्रतीक किती दिवसाला सुटतं?"

मी खाली वाकून बुटाची लेस बांधली. चप्पल घालून गेलो होतो, तरी.

घरी येताना छत्रपती चौकापर्यंत मी काही बोललो नाही. त्यांनाच राहवेना. "रागावलाव का? पण मला सांगा, तुमच्या पुस्तकात पाणवठा येतो कशासाठी? पोरगी घागर घेऊन निघाली की लेखक दीड पान तिच्या कमरेवर खर्च करतो. घागर एक. घरात माणसं नऊ, ढोरं चार. एका घागरीत भागतंय? दुसऱ्या खेपेला लेखक कुठं जातो? आणि सोळा साली आमच्याकडं पाणवठ्यावर एकशे चव्वेचाळीस लावलं. पाच माणसं जमली की गुन्हा. आता भेटवा म्हणावं नायक-नायिका विहिरीवर."

खेपेचा मुद्दा मला, खरं सांगतो, झोंबला. 'मोलाचा' म्हणणार नाही. मुलीकडचा असलो तरी इतका खाली येणार नाही. पण त्यानंतर मी जी ग्रामीण कादंबरी उघडली, तिच्यात मला कंबर दिसेनाशी झाली आणि खेपा मोजाव्याशा वाटू लागल्या. वाचनाचा सगळा आनंद त्या माणसानं घालवला.

पक्षपातही करतात बरं का. रा. रं. बोराडे काटगावचे, म्हणजे लातूर तालुक्यातलेच. त्यामुळे 'पाचोळा'ला तपासणीविना ऐंशी पैसे. पाण्याचा प्रश्नही विचारला नाही. मी विचारला, तर म्हणाले, "ते शिंप्याचं घर हाय, इवाई. त्या बाईच्या तोंडून सगळी गोष्ट येतीय. ती सांगूलालीय तेवढं ऐकावं." हाच न्याय बाकीच्यांना का नाही, असं ओठावर आलं होतं. आतून विहीणबाईंनी उपम्याच्या बशा आणल्या म्हणून राहिलं.

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' मात्र त्यांनी माझ्यासमोर, माझ्याच पलंगावर बसून वाचली. शाळेच्या पुस्तकातून ती घराघरात गेलेली कथा: बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि शेतकरी आपलाच माल पायांनी तुडवतो. वाचून झाल्यावर मी वाटच बघत होतो. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "टमाट्याला पाणी किती लागतं, ठाव हाय? त्या माणसानं ते सगळं पाणी तुडवलंय, इवाई." पैसेवारी दिली नाही.

आता त्या पेन्सिलीबद्दल. माझी पुस्तकं परत येतात तेव्हा समासात जागोजाग बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 'पाणी?' दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला कपाटाला हात लावू दिला नसता. खोडायला बसलो एकदा, तेव्हा दिसलं की काही ठिकाणी प्रश्नाखाली उत्तर आहे. अक्षर वेगळं. नायिका भाकरी करते त्या ओळीशी 'पाणी?' आणि खाली, 'मग पीठ कोरडंच थापलं का?' दुसऱ्या एका पानावर: 'बाईनं आणलं. लेखकाला दिसलं नाही.' एके ठिकाणी नायक ढसाढसा रडतो, तिथं उत्तर होतं, 'डोळ्यांतलं धरू नका', आणि त्याखाली पुन्हा व्याह्यांचं अक्षर: 'धरत न्हाई. खारं हाय.'

ते दुसरं अक्षर मी ओळखतो. त्या 'ळ'ची गाठ मीच पाटीवर गिरवून घेतली होती. माझी लेक! कॉलेजात असताना माझ्या कपाटाकडे ढुंकून न बघणारी.

फोन केला. म्हणाली, "पुस्तक तुमच्याकडं परत येण्याआधी मी वाचते. घरात आम्ही दोघं पुस्तकावर बोलत नाही. ते लिहितात, मी लिहिते."

"पण हे पाण्याचं खूळ डोक्यात आलं कुठून त्यांच्या?"

मग तिनं सांगितलं. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि 2016चा उन्हाळा आला. लातूरचे नळ बंद. सगळं शहर टँकरवर. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळा देश टीव्हीवर बघत होता, आम्ही नांदेडलाही बघत होतो. व्याह्यांनी घरी बसल्या बसल्या भागाकार केला होता. दरडोई वीस लिटरनं पंचवीस हजार माणसं, एक दिवस. लातूर चार लाखांच्या घरातलं.

त्या उन्हाळ्यात दिवसभर तहसीलमध्ये खेडोपाडीच्या टँकरच्या खेपा लिहून हा माणूस घरी यायचा आणि गल्लीतल्या टँकरची वेळ झाली की घागरी-ड्रम घेऊन रांगेत जायचा. रात्री दोन वाजोत, तीन वाजोत. घरात तरणी सून होती. पहिल्याच दिवशी तिनं कळशी उचलली तर ती काढून घेतली आणि म्हणाले, "गोदाकाठची लेक हाय. तिचा बाप मला काय म्हणंल?" रांगेत तासन्‌तास करायचं काय, म्हणून तिनंच माहेरून आणलेल्या रुखवताच्या पेटीतली एक कादंबरी हातात दिली. टॉर्चच्या उजेडात, पाय ड्रमावर टेकवून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी आयुष्यातली पहिली कादंबरी वाचली. त्या कादंबरीत नायिका टबमध्ये बसून गाणं म्हणत होती.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. व्याह्यांनी तर नाहीच. उलट त्या उन्हाळ्यात फोनवर मी "पाण्याचं कसं चाललंय?" म्हणून विचारलं की ते म्हणायचे, "चालूलालंय की," आणि नांदेडच्या उकाड्याची चौकशी करायचे.

माणूस चांगला आहे असं मी म्हणत नाही. माझ्या 'बनगरवाडी'च्या पहिल्या आवृत्तीवर चहाचा डाग त्यांचाच आहे. पण या खेपेला ते निघाले तेव्हा मी स्वतःहून कपाट उघडलं आणि श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड पिशवीत घातले. कोकण, जगबुडी नदी, खाडी, चार महिने कोसळणारा पाऊस. म्हटलं, घ्या. आता विचारा.

पंधरा दिवसांनी आले. एकच खंड घेऊन. चहा झाला, पंख्याखाली बसून झालं, लोह्याजवळच्या खड्ड्यांबद्दल बोलून झालं. शेवटी मीच म्हणालो, "मग? पाणी?"

"लई हाय. विचारायचं कामच न्हाई." ते पुस्तक उलटंसुलटं करत होते. "पण एवढं पाणी असून चार पिढ्या भांडूलालेत, इवाई. कामून?"

"पैसेवारी सांगा."

"नजरअंदाज साठ धरा. दुसरा खंड सूनबाईकडं हाय. तिचं झालं की दोघं मिळून अंतिम काढतो. पंधरा डिसेंबरच्या आत कळवू."